नाशिकला खासदार का टिकत नाही? फाटाफुटीचा सत्तर वर्षांचा हिशेब

१९७७ ते २०१४ या काळात लोकसभेच्या अकरा निवडणुका झाल्या आणि अकराही वेळा नाशिकने नवा माणूस दिल्लीला पाठवला. विठ्ठलराव हांडे, प्रताप वाघ, मुरलीधर माने, डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंतराव पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे, समीर भुजबळ, हेमंत गोडसे. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), काँग्रेस, भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी असे पाच पक्ष या एका यादीत आहेत. २०१९ मध्ये हेमंत गोडसे पुन्हा निवडून आले तेव्हा १९७१ नंतर पहिल्यांदाच नाशिकचा खासदार रिपीट झाला. आणि पुढच्याच निवडणुकीत, २०२४ मध्ये, ते पडले.

यावरून आपल्याकडे एक निष्कर्ष ठरून गेला आहे की नाशिकचा मतदार लहरी. कट्ट्यावर, पारावर, टीव्हीवरच्या चर्चेत हेच ऐकू येतं. मला ते पटत नाही. निकालांचे आकडे आणि त्या त्या वेळच्या युत्या-आघाड्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर बहुतेक वेळा नाशिकमध्ये मतदारांपेक्षा पक्षच जास्त फुटलेले किंवा जुळलेले दिसतात. त्याच्या जोडीला गेल्या पन्नास वर्षांत शहराभोवती वाढलेल्या उपनगरांनी या मतदारसंघाचा तोंडवळा बदलला. या दोन गोष्टी नीट समजल्या की नाशिकचा निकाल कोड्यासारखा वाटत नाही.

मतदारसंघ कुठून कुठपर्यंत?

आधी नकाशा. ‘नाशिक लोकसभा’ म्हणजे नाशिक जिल्हा असं अनेकांना वाटतं. जिल्ह्यात विधानसभेच्या पंधरा जागा आहेत आणि त्या तीन खासदारांत वाटल्या गेल्या आहेत. नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी या सहा जागा नाशिक लोकसभेत येतात. दिंडोरी, निफाड, येवला, चांदवड, नांदगाव आणि कळवण या सहा दिंडोरी लोकसभेत. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण या तिन्हींचा खासदार धुळ्याचा. म्हणजे ज्या ओझरच्या विमानतळाला आपण ‘नाशिकचं विमानतळ’ म्हणतो, त्याचा खासदार दिंडोरीचा असतो. आणि २०२४ मध्ये धुळ्यातून निवडून आलेल्या डॉ. शोभा बच्छाव या मुळात नाशिकच्या राजकारणातल्या, इथल्या माजी महापौर आणि माजी आमदार.

आता या सहा जागा जवळून बघू. नाशिक पूर्वमध्ये पंचवटी, आडगाव आणि नाशिकरोडचा मोठा भाग. मध्यमध्ये जुनं नाशिक, द्वारका, इंदिरानगर, गंगापूर रोडचा परिसर. पश्चिम म्हणजे प्रामुख्याने सिडको, सातपूर, अंबड, पाथर्डी. देवळालीत कॅम्प, भगूर आणि नाशिक तालुक्यातली गावं. सिन्नर हा दुष्काळी पट्टा, त्यात आता मुसळगाव आणि माळेगावची औद्योगिक वसाहत. इगतपुरीत त्र्यंबकेश्वरचा भाग जोडलेला, आदिवासी पाडे आणि भाताची शेती.

इथे एक गोंधळ हमखास होतो. देवळाली अनुसूचित जातींसाठी आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, पण हे आरक्षण फक्त विधानसभेचं. लोकसभेला नाशिकची जागा खुली आहे. आणि राखीव जागा म्हणजे तिथे फक्त त्या समाजाचे लोक मतदान करतात असं नसतं. उमेदवार त्या प्रवर्गातला लागतो, मतदान सगळेच करतात. नवीन मतदारांना हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कॅम्पाची गोष्ट आणखी वेगळी. देवळाली कॅम्प नाशिक महापालिकेत नाही, तिथला कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. त्यामुळे कॅम्पातला नागरिक महापालिकेच्या निवडणुकीत मत देत नाही, आमदार-खासदारासाठी मात्र देतो. आर्टिलरी सेंटरमधले किंवा बाहेरगावी पोस्टिंगवर असलेले जवान ‘सेवा मतदार’ म्हणून आपापल्या गावच्या मतदारसंघात टपालाने मत पाठवू शकतात. म्हणून कॅम्पात लष्कर दिसतं तितकं ते मतपेटीत दिसत नाही.

सुरुवातीची माणसं मोठी होती

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत नाशिकमधून काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. तो काळच काँग्रेसचा होता, त्यात नवल नाही. नवल १९५७ चं.

त्या वर्षी नाशिकने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या भाऊराव कृष्णाजी गायकवाडांना, म्हणजे आपल्या दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा इथली सगळी बांधणी त्यांच्याकडे होती. तो लढा काही वर्षं चालला. मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत आणि १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या शहरात दादासाहेबांना देवळाच्या पायरीवर अडवलं, त्याच शहराने सत्तावीस वर्षांनी त्यांना खासदार केलं. नाशिकच्या राजकीय इतिहासात मला यापेक्षा मोठी घटना दिसत नाही. आपल्या शाळांमधून ती शिकवली जात नाही, याचं वाईट वाटतं.

हे घडलं कसं? द्विभाषिक मुंबई राज्यामुळे मराठी माणूस चिडलेला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि फेडरेशन एकत्र आले होते. विरोधकांची मतं एका उमेदवाराच्या मागे गोळा झाली आणि काँग्रेस पडली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, समितीला बांधून ठेवणारा प्रश्न संपला, समिती विस्कटली आणि १९६२ मध्ये देशपांडे पुन्हा निवडून आले. पुढच्या सहा दशकांत नाशिकमध्ये जे वारंवार दिसतं त्याची ही पहिली आवृत्ती. जुळले की एक निकाल, फुटले की दुसरा.

देशपांडे यांची जागा रिकामी झाली, नेमकी त्याच सुमारास देशाला ती हवी होती. चीनच्या युद्धानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं. ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हाचं. पण राज्यघटनेप्रमाणे संसदेचा सदस्य नसलेला माणूस फार तर सहा महिने मंत्री राहू शकतो. चव्हाण विधानसभेचे सदस्य होते, संसदेचे नव्हते. नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कुणीही उभं राहिलं नाही आणि १९६३ मध्ये ते बिनविरोध खासदार झाले. काही वर्षं का होईना, देशाचा संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार होता. १९६७ मध्ये ते साताऱ्यातून लढले. नाशिकमधून १९६७ आणि १९७१ अशी दोनदा बी. आर. कवडे यांनी काँग्रेसची जागा राखली.

१९७७ मध्ये आणीबाणीचा राग निघाला आणि शेकापचे हांडे जिंकले. १९८० आणि १९८४ इंदिरा लाटेचं आणि सहानुभूतीच्या लाटेचं. १९८९ मध्ये भाजप-शिवसेना युतीकडून डॉ. आहेर, १९९१ मध्ये काँग्रेसकडून डॉ. पवार. देशात जे वारं वाहत होतं तेच इथे, त्यामुळे या टप्प्यावर रेंगाळत नाही.

सिडको, सातपूर, नाशिकरोड

खरा बदल निवडणुकांच्या बाहेर घडत होता. नाशिकरोडला नोटा आणि तिकिटं छापणारे प्रेस १९२० च्या दशकापासूनचे, कॅम्प त्याहून जुना. पण जुनं नाशिक आणि नाशिकरोड यांच्यामध्ये मळे आणि द्राक्षबागा होत्या. साठच्या दशकात सातपूरला एमआयडीसी आली, ओझरला विमानाचा कारखाना आला. मग अंबड. कामगारांना राहायला घरं हवीत म्हणून सत्तरच्या दशकात सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने घरकुलं बांधायला घेतली आणि एकापाठोपाठ एक सहा योजना उभ्या केल्या. आजही तिथला पत्ता सांगताना लोक ‘तिसरी स्कीम’, ‘सहावी योजना’ असंच सांगतात. कागदावर त्या भागाचं नाव ‘नवीन नाशिक’ आहे, ते फारसं कुणी वापरत नाही.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून महापालिका झाली. निवडणूक मात्र थेट १९९२ मध्ये. दहा वर्षं प्रशासक. ज्या दशकात ही उपनगरं सगळ्यात वेगाने वाढली, त्या दशकात तिथल्या माणसाला हक्काचा नगरसेवकच नव्हता. पाणी, ड्रेनेज, घराच्या वाढीव बांधकामाची परवानगी यासाठी तो कुणाकडे जाणार? जो चौकात भेटतो त्याच्याकडे. शाखा आणि मित्रमंडळं याच काळात मुळं धरून बसली. १९९० च्या दशकात शिवसेना शहरात इतकी कशी वाढली याचं उत्तर भाषणांइतकंच या रिकाम्या दहा वर्षांत आहे, असं माझं मत आहे.

सिडकोत राहायला आले कोण? धुळे-जळगावकडची खानदेशी मंडळी, आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागातून आलेले, ज्यांना आपण एका शब्दात ‘कसमादे’ म्हणतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडकोत किंवा सातपूरला गेलात तर घरोघरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसलेली दिसेल. रात्रभर अहिराणी गाणी, दुसऱ्या दिवशी डोक्यावर कानबाई घेऊन गोदावरीकडे निघालेल्या बायका, प्रसादाला रोट. आणि चौकाचौकात शुभेच्छांच्या फलकावर आजी, माजी आणि भावी नगरसेवकांचे फोटो. नाशिक पश्चिममध्ये तिकीट देताना प्रत्येक पक्ष ‘कसमादेचा आहे का, खानदेशचा आहे का’ हे आधी बघतो.

याच भागात आणखी एक गोष्ट दिसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डाव्या विचारांची ‘सीटू’ ही कामगार संघटना मजबूत. पगारवाढीचा करार असो की कामावरून काढलेल्यांचा प्रश्न, कामगार लाल झेंड्याखाली गेटवर उभा राहतो. पण मतदानाला तोच कामगार सेनेला, मनसेला किंवा भाजपला मत देऊन येतो. त्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. कंपनीतला प्रश्न युनियन सोडवते, गल्लीतला नगरसेवक. खासदार या दोन्हींत कुठेच येत नाही, आणि म्हणून खासदारकीचं मत तो पक्ष, हवा आणि उमेदवार बघून देतो.

उपनगरातल्या मतदाराची आणखी एक अडचण म्हणजे यादी. कित्येकांचं नाव गावाकडेही असतं आणि सिडकोतही. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असायला हवं, घर बदललं की जुनं नाव वगळायला हवं. ते कुणी करत नाही. भाड्याचं घर बदलत बदलत सातपूरहून पाथर्डी फाट्याला गेलेल्या कुटुंबात नवऱ्याचं नाव एका शाळेत, बायकोचं दुसऱ्या शाळेत आणि मुलाचं कुठेच नाही, हे मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर पाच-दहा मिनिटं थांबलं तरी ऐकायला मिळतं. २००९ मध्ये नाशिकचं मतदान ४५ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याला केवळ आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

पक्ष फुटले, खासदार बदलले

आता १९९६ पासूनचा क्रम सलग पाहा. युतीत ही जागा शिवसेनेकडे आली आणि राजाराम गोडसे निवडून आले. दोनच वर्षांत पुन्हा निवडणूक. १९९८ मध्ये शरद पवारांनी काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र आणले, राज्यात युतीचा धुव्वा उडाला आणि नाशिकमध्ये काँग्रेसचे माधवराव पाटील जिंकले. १९९९ मध्ये पवार काँग्रेसमधून बाहेर पडले, जून महिन्यात राष्ट्रवादी स्थापन झाली आणि सप्टेंबरमधल्या निवडणुकीत दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या. फायदा शिवसेनेचा, खासदार उत्तमराव ढिकले. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेसची आघाडी होती, खासदार राष्ट्रवादीचे देविदास पिंगळे.

आठ वर्षं, चार खासदार. प्रत्येक बदलाच्या आधी राज्यात कुणीतरी जुळलं आहे किंवा फुटलं आहे. नाशिकचा मतदार या काळात दर दोन वर्षांनी मन बदलत होता असं मानायला जागा नाही.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००९ चं. ९ मार्च २००६ रोजी राज ठाकरे यांनी मनसे काढली आणि नाशिकमध्ये तिला जे प्रेम मिळालं ते मुंबईबाहेर क्वचितच कुठे मिळालं असेल. लोकसभेला राष्ट्रवादीचे समीर भुजबळ, मनसेचे हेमंत गोडसे आणि शिवसेनेचे दत्ता गायकवाड अशी तिरंगी लढत झाली. भुजबळांना सुमारे २ लाख ३८ हजार, गोडसेंना २ लाख १६ हजार आणि गायकवाडांना १ लाख ५८ हजार मतं. भुजबळ २२ हजारांनी जिंकले. सेना आणि मनसेची बेरीज करा, पावणेचार लाखांच्या जवळ जाते.

आपल्या निवडणूक पद्धतीत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. त्यामुळे एका विचाराची मतं दोन चिन्हांवर वाटली गेली की बहुमत असूनही तो गट हरतो. सेना आणि मनसे एकत्र असती तर सगळीच्या सगळी बेरीज झाली असती असं नाही, काही माणसं घरी बसली असती, काही तिसरीकडे गेली असती. पण २२ हजारांचा फरक भरून काढायला त्यातला थोडा हिस्साही पुरेसा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभा झाली आणि शहरातल्या तिन्ही जागा मनसेने जिंकल्या. नाशिक पूर्वमधून निवडून आलेले मनसेचे आमदार म्हणजे शिवसेनेचे माजी खासदार उत्तमराव ढिकले. २०१२ मध्ये महापालिकेतही १२२ पैकी ४० जागा घेऊन मनसे सगळ्यात मोठा पक्ष ठरली आणि महापौर तिचा झाला. आज मागे वळून पाहिलं तर तो जोर पाच वर्षं टिकला. २०१७ मध्ये महापालिकेत भाजपला ६६ जागांसह स्पष्ट बहुमत मिळालं.

इथे २००८ च्या पुनर्रचनेचा उल्लेख करायला हवा, कारण तिच्याशिवाय मनसेचा तो जोर आमदारांच्या संख्येत इतका दिसला नसता. मतदारसंघांच्या सीमा ठरवायला परिसीमन आयोग असतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून नव्या सीमा आखल्या. नाशिक शहराला पूर्व, मध्य, पश्चिम अशा तीन विधानसभा मिळाल्या. मालेगाव लोकसभा हे नाव गेलं आणि दिंडोरी आलं. नाशिक लोकसभेच्या सहापैकी तीन जागा सरळ शहरी झाल्या आणि चौथी, देवळाली, शहराला खेटून. उपनगरात जिंकल्याशिवाय नाशिकचा खासदार होता येत नाही, असं समीकरण तयार झालं.

आणि तरीही सिन्नर

२०१४ मध्ये हेमंत गोडसे मनसेतून शिवसेनेत आले होते. वर मोदी लाट. समोर खुद्द छगन भुजबळ. गोडसेंना ४,९४,७३५, भुजबळांना ३,०७,३९९. फुटलेली मतं एकत्र आली की काय होतं ते १ लाख ८७ हजारांच्या फरकात दिसलं.

२०१९ चा निकाल फाटाफुटीच्या हिशेबात बसत नाही, हे मान्य करायला हवं. विरोधात समीर भुजबळ, अपक्ष माणिकराव कोकाटे आणि वंचित बहुजन आघाडी अशी वाटणी होती खरी. पण या तिघांची बेरीज सव्वापाच लाखांपेक्षा कमीच भरते आणि एकट्या गोडसेंना ५,६३,५९९ मतं होती. त्या वर्षी युतीची ताकदच मोठी होती. मात्र कोकाटे यांच्या १ लाख ३४ हजार मतांत सिन्नरचा वाटा सगळ्यात मोठा होता. पक्ष नाही, मोठं चिन्ह नाही, तरी एका तालुक्याने आपल्या माणसाला इतकं दिलं. शहरातल्या विश्लेषकांनी तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

२०२४ पर्यंत शिवसेनेचे दोन तुकडे झाले होते आणि राष्ट्रवादीचेही दोन. ठाकरे गटाने सिन्नरचे माजी आमदार राजाभाऊ वाजे यांचं नाव मार्चअखेर जाहीर केलं. महायुतीत मात्र जागा कुणाची यावरच महिना गेला. शहरातले तिन्ही आमदार भाजपचे, म्हणून भाजपला हवी. विद्यमान खासदार शिंदे गटाचे, म्हणून त्यांना हवी. छगन भुजबळांचं नाव पुढे आलं आणि एप्रिलमध्ये त्यांनी माघार जाहीर केली. गोडसेंची उमेदवारी १ मे रोजी जाहीर झाली, मतदान २० मे रोजी. तोवर वाजे सिन्नर आणि इगतपुरीचा ग्रामीण भाग पालथा घालून झाले होते. कांदा निर्यातबंदीचा राग ग्रामीण पट्ट्यात होताच.

निकाल : वाजे ६,१६,७२९, गोडसे ४,५४,७२८. फरक १ लाख ६२ हजारांचा.

आता हा फरक फोडून बघू. लोकसभेची मतमोजणी विधानसभानिहाय वेगवेगळी होते. अंबडच्या गोदामात सहा मतदारसंघांची टेबलं वेगळी मांडलेली असतात. जाळीच्या अलीकडे प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी, हातात पेन आणि बूथची यादी. मशिनचा क्रमांक आणि झालेलं एकूण मतदान बूथवर भरलेल्या ‘सतरा-क’ फॉर्मवरच्या आकड्याशी ताडून पाहायचं, मग बटण दाबून उमेदवारनिहाय मतं वाचली जातात. म्हणूनच कुठल्या भागाने कुणाला किती लीड दिलं ते नेमकं कळतं. २०२४ मध्ये नाशिक पश्चिम आणि नाशिक पूर्व या दोन उपनगरी मतदारसंघांनी पडलेल्या गोडसेंनाच आघाडी दिली होती. आणि एकट्या सिन्नरने वाजेंना सव्वा लाखाहून जास्त. बाकी पाचही मतदारसंघांची बेरीज-वजाबाकी केली की उरतात तीस-पस्तीस हजार.

उपनगरं दोन पक्षांत विभागली जातात, त्यांचं लीड दहा-तीस हजारांच्या घरात राहतं. तालुका एकदा ‘आपला माणूस’ म्हणून एकवटला की लाखाने देतो. दुसरीकडे वंचितची मतं २०१९ च्या निम्म्यापेक्षा खाली आली, कारण दलित आणि मुस्लिम मतदारांतला मोठा वर्ग या वेळी महाविकास आघाडीकडे गेला.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा झाली आणि याच सहाच्या सहा जागा महायुतीने जिंकल्या. सिन्नरसुद्धा, माणिकराव कोकाटे. मे महिन्यात वाजेंना डोक्यावर घेतलेल्या सिन्नरकरांनी वाजेंच्या आघाडीला नाकारलं. पुन्हा ‘लहरी मतदार’ ही ओरड झाली. पण सिन्नरमध्ये वाजे विरुद्ध कोकाटे हा सामना २०१४ पासून चालला आहे. २०१४ ला वाजे जिंकले, २०१९ ला कोकाटे, तेही दोन हजारांच्या आसपास मतांनी. लोकसभेला कोकाटे रिंगणात नव्हते, विधानसभेला वाजे नव्हते. दोन्ही वेळा सिन्नरने समोर उभ्या असलेल्या सिन्नरच्या वजनदार माणसाला मत दिलं. लाडकी बहीण योजनेचे पैसे मधल्या काळात खात्यात आले होते, त्याचाही परिणाम झाला असणार.

पुढे काय बदलणार

लोकसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्या जनगणनेचं काम आता हाती आलं आहे. तिचे आकडे आल्यावर नवं परिसीमन व्हायचं आहे आणि तेव्हा नाशिकच्या सीमा पुन्हा आखल्या जातील. २००१ नंतर पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ या बाजूंना जी वस्ती वाढली ती जुन्या नकाशात मोजलेलीच नाही. आज एका खासदारामागे वीस लाखांच्या आसपास मतदार आहेत. शहराचा वाटा वाढला तर सिन्नर किंवा इगतपुरी या मतदारसंघात राहतील की बाहेर जातील, यावर नाशिकचं पुढचं राजकारण ठरेल. हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या नोंदवण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला असतो. गेल्या वेळी पक्षांनी तो वापरला, नागरिकांनी फारसा नाही. या वेळी सिडको-सातपूरच्या लोकांनी तो वापरावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच परिसीमनाला आणखी एक गोष्ट बांधलेली आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव केल्या, पण अंमलबजावणी परिसीमनानंतर. १९५२ पासून नाशिकने लोकसभेत पाठवलेली प्रत्येक व्यक्ती पुरुष आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये या मतदारसंघातल्या सहा आमदारांपैकी तीन महिला निवडून आल्या : नाशिक पश्चिमच्या सीमा हिरे, नाशिक मध्यच्या देवयानी फरांदे आणि देवळालीच्या सरोज अहिरे. हिरे आणि फरांदे सलग तिसऱ्यांदा, अहिरे सलग दुसऱ्यांदा. खासदार टिकत नाही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये आमदार म्हणून टिकून दाखवणाऱ्यांत या तिघी आहेत.